हेझी म्हणजे खळ्यावरची हवा

आमच्या टेंभुर्णीच्या घरात इंग्रजी शिरली ती ताईचं लग्न जमावं म्हणून. एरवी तिचं तिथे काही काम नव्हतं. राज्य निजामाचं, कचेरीतले कागद उर्दूत, शाळा उर्दूत, घरात आणि शेतात मराठी, आणि आठवडी बाजारात ज्याला जी सुचेल ती. तेवढ्यात आमचं भागत होतं. पण बाबांचे एक आतेभाऊ सोयरिकी जुळवत गावोगाव फिरायचे. ते एकदा जेवायला बसले असताना म्हणाले, "आता पोरं औरंगाबाद, हैदराबादला शिकून राह्यलीत. त्यांना भाकरी थापनारी तर पाहिजेच, पन दोन अक्षरं इंग्रजीची बी येनारी पाहिजे. जमाना बदलला." बाबांनी ते इतकं मनावर घेतलं की हातातला घास तसाच ठेवून त्यांनी भाऊला हाक मारली. भाऊ आमचा थोरला भाऊ, जालन्याला एका नातेवाइकांकडे राहून शिकायचा आणि तेव्हा सुटीला घरी आला होता. बाबा म्हणाले, "उद्यापासून गोदीला इंग्रजी शिकव." भाऊने विचारलं, "किती?" बाबांनी पाव्हण्यांकडे पाहिलं. पाव्हणे आमटी ओरपत म्हणाले, "बघायला आल्यावर विचारतेन तेवढी."

गोदी म्हणजे माझी ताई, गोदावरी. मी काशी, पण घरात मला कुणी काशी म्हटल्याचं आठवत नाही, मी कासीच. आई मला आठवत नाही. ती गेली तेव्हा मी रांगत होते आणि ताईसुद्धा फार मोठी नव्हती, परकरातली पोर. घर काकूंनी सांभाळलं, म्हणजे चुलीपासून दुभत्यापर्यंत सगळं, आणि मला सांभाळलं ते ताईने. माझी वेणी ती घालायची, माझ्या भाकरीवर तेल-चटणी ती घालायची, माझ्या पायातला काटा ती काढायची, आणि मी काही फोडलं-सांडलं की बोलणीही तीच खायची. काकू वाईट नव्हत्या, पण त्यांना कामं फार होती. त्यामुळे आई या शब्दाचा जो काही अर्थ असतो तो माझ्यापुरता ताई हाच होता. हे आधीच सांगून ठेवते, पुढचं कळायला त्याची गरज आहे. माफी मिळावी म्हणून सांगत नाही.

शिकवणी ढाळजेत चालायची. दारातून आत आलं की जी पहिली बैठकीची जागा ती आमची ढाळज, माळवदाखालची, उन्हाळ्यातही गार. बाबा शेतात, काकू आत जात्यावर किंवा मसाल्यात. त्या दिवसांत येसर, म्हणजे आमटीत घालायचा मसाला, करायचं काम चाललेलं असलं की भाजलेल्या ज्वारीचा, धण्यांचा आणि मिरच्यांचा वास थेट ढाळजेत यायचा, आणि इंग्रजीच्या प्रत्येक शब्दामागे आमची एकेक शिंक ठरलेली. आजही मला काही इंग्रजी शब्द वाचले की येसराच्या आमटीची भूक लागते. भाऊकडे शब्दांचं एक पुस्तक होतं. त्यात इंग्रजी शब्द आणि पुढे त्याचा अर्थ उर्दूत. भाऊ तो उर्दू अर्थ शाळेतल्या मराठीत सांगायचा आणि ताई तो उचलून आमच्या मराठीत आणायची. एका शब्दाला घरात यायला असे तीन उंबरे ओलांडावे लागत. मी फुकटातली विद्यार्थिनी होते, ताईच्या मागे तिच्या पाठीला चिकटून बसायचे आणि बोलायची मनाई असल्यामुळे सगळं पाठ करून टाकायचे.

ताईला समजायचं लवकर, माझ्यापेक्षा पुष्कळ लवकर. पण कुणी समोर बसून मास्तरासारखं विचारलं की तिची जीभ अडायची. काल तिनेच मला समजावून सांगितलेला शब्द आज भाऊने विचारला की ती नुसती बघत राहायची, आधी पुस्तकाकडे, मग मागे वळून माझ्याकडे. मी लगेच ओठ हलवून शब्द पुरवायचे. भाऊ चिडायचा. "कासे, तू गप बैस. पाव्हण्यांसमोर तू राह्यनार हैस का सांगायला?" ताई हसून म्हणायची, "राह्यनार तर. दाराआड उभी करीन मी तिला."

हेझी हा शब्द आला तो हवेच्या शब्दांत. आधी भाऊने फॉगी सांगितला. "कोहरा. म्हणजे धुकं." ताई म्हणाली, "म्हंजी धुई." आमच्याकडे धुकं कुणी म्हणत नाही, आणि धुई हा काही नुसता हवेचा शब्द नाही. तूर फुलात असताना धुई पडली की फूल गळतं. अशा सकाळी माणसं बांधावर धूर करायला जायची आणि घरी परतली की पडवीतल्या बैलांशीसुद्धा बोलायची नाहीत. त्यामुळे फॉगी आम्हा दोघींना एका दमात समजला. मिस्टी म्हणजे तसंच, पण पातळ, असं भाऊने उरकलं. मग हेझी. पुस्तकात लिहिलं होतं, धुंधला. भाऊ म्हणाला, "हवा साफ नसते, लांबचं बराबर दिसत नाही, त्याला हेझी म्हणायचं."

"मंग ती बी धुईच की," ताई म्हणाली.

"धुई नाही. ही कोरडी असते."

"कोरडी धुई कशी असंल भाऊ?"

भाऊला सांगता येईना. जालन्याच्या शाळेत त्याला कुणी असं विचारलं नव्हतं. तो म्हणाला, विशेषण आहे एवढं ध्यानात ठेव, नामाच्या आधी येतं, जसं हेझी मॉर्निंग, नाहीतर इजच्या मागून, द एअर इज हेझी. ताईने मान डोलावली, पण तिचं समाधान झालं नव्हतं हे मला तिच्या पाठीवरूनच कळलं.

उत्तर तिला दुसऱ्या दिवशी सापडलं, खळ्यावर. आमचं खळं घराच्या अगदी पुढ्यात, वाटेपलीकडे होतं. ज्वारीची मळणी संपून उपणणी चालली होती. ताई उंच तिपाईवर उभी, डोक्याला फडकं गुंडाळलेलं, आणि काकू खालून तिच्या हातात ज्वारी-भुशाने भरलेली पाटी देत होत्या. ताई वारा आला की पाटी कलती करायची. दाणे सरळ खाली पडायचे आणि भुसा उडून पलीकडे जायचा. शेजारच्या दोन-तीन खळ्यांवरही तेच चाललं होतं. साऱ्या गावाच्या त्या बाजूला पिवळट हवा तरंगत होती. मारुतीच्या देवळाचं शिखर होतं तिथेच, पण पुसून टाकल्यासारखं दिसत होतं. सूर्य पांढरा झाला होता आणि त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येत होतं. ताईने पाटी तशीच धरून हाक मारली, "भाऊ! ओ भाऊ! ही बघा कोरडी धुई. हेच का तुमचं हेझी?"

भाऊने वर पाहिलं, देवळाकडे पाहिलं. "हेच," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा खुलला की जणू त्यालाही तो शब्द तेव्हाच कळला.

"मंग सूर्व्याला बी हेझी म्हनता येतं का?"

"सूर्याला नको. सूर्य आहे तसाच असतो. हवा तशी झालेली असते."

"म्हंजी त्या बिचाऱ्याचा काई दोष न्हाई," ताई म्हणाली, आणि काकू खालून ओरडल्या की वारा पडायच्या आत पाटी रिकामी कर, सूर्याचं मागून बघू. त्यानंतर हेझी हा आमचा घरातला शब्द झाला. ओली लाकडं घालून काकूंनी चूल पेटवली की ताई माझ्या कानात म्हणायची, "द किचन इज हेझी." आम्ही दोघी हसायचो. काकू म्हणायच्या, हसा, तुमचे दात मोजते मी. पुढे मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. सूर्यालाही हेझी म्हणतात, आणि न आठवणाऱ्या आठवणीलाही म्हणतात, हे मला नोकरीत कळलं. आठवणीच्या बाबतीत मला मात्र त्याचा उपयोग झाला नाही. त्या दिवसांतलं मला सगळं स्वच्छ दिसतं, नको इतकं.

स्थळ भोकरदनचं आलं. मुलगा औरंगाबादला शिकलेला, तहसीलमध्ये अहलकार म्हणून लागलेला, म्हणजे कारकून, पगारदार. घरी थोडी शेती. वडील नव्हते, मामा सगळं बघायचे. बाबांना हे स्थळ इतकं आवडलं की ते उगाच घरात फेऱ्या मारायला लागले. काकूंनी राजूरच्या गणपतीला नवस बोलायचं ठरवलं आणि चतुर्थीला आम्ही बैलगाडीने राजूरला गेलो. गर्दी पुष्कळ होती. काकूंनी गणपतीपुढे हात जोडून मोठ्याने सांगितलं, "गोदीचं भोकरदनला जमू दे, एकवीस मोदक करीन." ताई डोळे मिटून उभी होती. मी तिच्या आणि काकूंच्या मधोमध उभी होते आणि मीही डोळे मिटले. मी म्हटलं, जमू देऊ नको. ताईला घेऊन जाऊ देऊ नको. माझ्याकडे मोदक नव्हते, म्हणून मी म्हटलं, मी मोदक खायचे सोडीन. एकाच देवापुढे एकाच वेळी एकाच घरातून दोन उलट अर्ज गेले. परतीच्या वाटेवर ताईने मला मांडीवर घेतलं आणि प्रसादाचा नारळ भरवला. मी खाल्ला. तिच्या पोटाशी डोकं ठेवून मी मनातल्या मनात गणपतीला पुन्हा एकदा बजावलं. ताई त्या वाटेवर गुणगुणत होती हे मला चांगलं आठवतं, पण का गुणगुणत होती याचा मी तेव्हा विचार केला नाही.

पाव्हणे आले ते उपणणीच्याच दिवसांत. बाबांनी आमच्या खळ्यावरचं काम थांबवलं होतं, पण शेजारच्यांना कोण थांबवणार, वारा चांगला होता. सकाळपासून काकूंचं सारवणं, शिरा भाजणं, कुणाकडून कपबश्या मागून आणणं चाललं होतं. ताईला काकूंनी आपलं हिरवं लुगडं नेसवलं. ते तिला लांब होत होतं, म्हणून कमरेला दुमड घालून खोचलं. मी तिच्या मागे मागे फिरत होते. तिने मला जवळ घेतलं, माझी वेणी उगाचच सोडून पुन्हा घातली आणि म्हणाली, "दाराआड उभी राह्य बरं का कासे. तिकडून हलू नको." तिचे हात गार होते.

ढाळजेत जाजम टाकलेलं. एका बाजूला बाबा, भाऊ आणि ते सोयरिकी जुळवणारे आतेभाऊ, दुसऱ्या बाजूला मुलाचे मामा, आणखी एक वयस्क गृहस्थ आणि मुलगा. मुलाचं नाव माधवराव. किडकिडीत, काळसर, टोपी जरा मोठी झालेली, आणि दाखवायला ताईला बसवलं होतं पण लाजत तोच होता. मी आतल्या दाराच्या चौकटीआड उभी होते. माझ्या जागेवरून ताई समोर दिसायची, आणि तिच्या पलीकडे उघडं दार, वाट आणि खळी. मामांनी जे विचारायचं ते सगळं विचारलं. नाव काय, मामकूळ कोणतं, येसर कशाकशाचं करतात. सुई ओवायला लावली, नजर कळावी म्हणून. ताईने ओवली. चालून दाखवायला लावलं. चालली. बाबांच्या कपाळावरचा घाम हळूहळू वाळायला लागला होता.

मग मामा म्हणाले, "पाटील, तुम्ही निरोप धाडला व्हता की पोरीला इंग्रजी येतं. आम्हाला तं काई समजत न्हाई त्यातलं. पन ह्यो हाये ना आमचा. विचार रे माधव, एखांदा शब्द विचार."

माधवरावांनी आधी नको म्हटलं. मामा म्हणाले, "विचार, विचार. एवढं सांगितलंय त्यांनी." त्यांनी ताईकडे पाहिलं, मग घाईने दुसरीकडे बघायचं म्हणून बाहेर पाहिलं. बाहेर शेजारच्या खळ्यावर पाटीतला भुसा वाऱ्यावर सुटला होता आणि देवळाचं शिखर पुसलेलं होतं. ते वळून हळू आवाजात म्हणाले, "हेझी. हेझी म्हणजे काय?" आणि विचारता विचारता त्यांनी हाताने बाहेरचं दार दाखवलं. मामांना ते दिसलं नाही, मला दिसलं. उत्तर त्यांनी प्रश्नाबरोबरच तिच्या ओंजळीत टाकलं होतं. याहून सोपं कुणी विचारू शकलं नसतं, आणि तिला सोपं जावं म्हणूनच त्यांनी ते विचारलं, हे त्या वयातही मला कळलं.

ताई काही बोलली नाही. तिने खाली पाहिलं. भाऊ पुढे सरकून बसला, कारण त्याला वाटलं आता सगळं जिंकलं. तरी ताई बोलेना. तिने मान वर केली आणि सगळ्यांच्या मधून थेट माझ्याकडे पाहिलं.

मला शब्द येत होता. माझ्या तोंडात तो आलेला होता, दातांपाशी. नुसते ओठ हलवायचे होते. पण ताईची नजर पाहून मला एकदम वाटलं, ती मुद्दाम बोलत नाहीये! तिला येतंय आणि ती सांगत नाहीये, कारण तिला जायचं नाही, मला टाकून जायचं नाही. गणपतीने माझं ऐकलं. मला असा आनंद झाला की तो चेहऱ्यावर दिसेल म्हणून मी मान खाली घातली आणि चौकटीच्या मागे सरकले. पुन्हा पाहिलं तेव्हा ताई जाजमाकडे बघत होती.

"येत न्हाई वाटतं," मामा म्हणाले. माधवराव घाईने म्हणाले, "असू द्या, शब्द अवघड होता." मामा म्हणाले, "आरं, न्हाई येत तं न्हाई येत. इंग्रजीवाचून कुनाचं अडलंय? पन मंग निरोप कामून धाडला तसा?" ते हसतच बोलले, पण बाबांचा चेहरा उतरला तो पाव्हण्यांना शिरा वाढेपर्यंत सावरला नाही. पाव्हण्यांनी शिरा पुरता खाल्ला. पानसुपारी घेतली. काही दिवसांनी आतेभाऊंकडून निरोप आला की मुलीत खोट नाही, पण मामांना वाटलं, जिथे इंग्रजीचं खोटं सांगितलं तिथे बाकीचंही तसंच असेल. बाबा खोटारडे ठरले. गावात कुणासमोर कधी खोटं न बोललेला माणूस, त्यामुळे त्यांना ते पचवायची सवयच नव्हती. ते ताईला एक शब्द बोलले नाहीत. भाऊला मात्र म्हणाले, "तुला शिकवता आलं न्हाई."

मी त्या दिवसांत फार सुखी होते. ताईच्या कुशीत झोपायचे आणि वाटायचं, माझ्यासाठी तिने एवढं केलं. ताई गप्प झाली होती. मी तिला खुलवायला एकदा चुलीपाशी "द किचन इज हेझी" म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही, फुंकणीने फुंकत राहिली. धुराने तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं असं मी धरून चालले. हेझी हा शब्द त्यानंतर आमच्या घरात कुणी उच्चारला नाही.

भाऊच्या मनाला मात्र बाबांचं बोलणं लागलं होतं. आपल्याला शिकवता येतं हे त्याला दाखवायचं होतं, आणि हाताशी मीच होते. त्याने मला इंग्रजी अशी काही शिकवली की पुढच्या सुटीत मी बाबांना पुस्तकाचं पान वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "हिला घेऊन जा जालन्याला." अशी मी शिकले. ताईचं लग्न पुढल्या वर्षी राजूरजवळच्या एका खेड्यात झालं, बिजवराशी. पहिलीची दोन लेकरं होती. माणूस कष्टाळू होता, पण तापट आणि कमी बोलणारा. ताईने आयुष्यभर त्याची शेती ओढली, त्याची लेकरं आणि आपली लेकरं वाढवली, आणि तिचे हात मी दर दिवाळीला गेले की आणखी खरबरीत झालेले असायचे. मी शिक्षिका झाले, पगार घेतला, पंख्याखाली बसले. माधवरावांचं ऐकलं ते एवढंच की राज्य बदललं तरी ते कचेरीतच राहिले, चढत गेले, आणि बायकोला त्यांनी घरी वर्तमानपत्र वाचायला शिकवलं. हे मी ताईला कधी सांगितलं नाही. माझं सगळं आयुष्य ताईने माझ्यासाठी गिळलेल्या एका शब्दावर उभं आहे, असं मी मानत आले. त्याचं ओझं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर त्या ओझ्याचं थोडं कौतुकही वाटायचं. बहिणीने बहिणीसाठी केलेला त्याग, असं मी एकदा शाळेच्या कार्यक्रमात नाव न घेता सांगितलंही. बायकांनी डोळे पुसले.

मागच्या वर्षी ताईकडे गेले होते. तिचे मालक जाऊन बरीच वर्षं झाली. आता ती सुनेच्या घरात ओट्यावर बाजेवर बसून असते. मी तिच्या पायाशी बसले होते. पलीकडच्या वावरात मळणीयंत्र चाललं होतं, ते एका बाजूने भुसा उडवत होतं, आणि सगळी हवा पिवळी होऊन वाटेवरचं लिंबाचं झाड दिसेनासं झालं होतं. सून पदर नाकाला लावून आत गेली. ताई डोळे बारीक करून बघत राहिली आणि म्हणाली, "हेझी."

मी म्हटलं, "ताई, तुला अजून येतं?"

"येतं की. भाऊनं शिकवलेलं हाये. कसं जाईल?"

इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं आणि ते तिच्या तोंडून ऐकायची मला हौस होती, म्हणून विचारलं. "मंग तवा का न्हाई सांगितलं ताई? भोकरदनचे आल्ते तवा?"

ताईने माझ्याकडे नवलाने पाहिलं. "आठवलंच न्हाई गं. ते बिचारे हात करून दाखवून राह्यले व्हते, ते बी दिसत व्हतं मला. समदं दिसत व्हतं आन जीभ उचलंना. माहं असंच व्हायचं ना, कुनी इचारलं की." ती हसली. "मनात तं लई व्हतं गं तिथं जायचं. पोरगं चांगलं व्हतं. मंग म्या तुह्याकडं बघितलं. म्हनलं, कासी हाये."

मळणीयंत्राचा आवाज चालूच होता. माझी उभी नोकरी वर्गात गेली आहे. फळ्यापाशी उभं केलेलं मूल अडलं की ते बाकावरच्या मैत्रिणीकडे कसं बघतं, हे मी हजार वेळा पाहिलं आहे, आणि त्या नजरेची मी दुसऱ्या कशाशीही कधी गल्लत केलेली नाही. ढाळजेतल्या शिकवणीत ती रोज माझ्याकडे तशीच बघायची. मला ते नवीन नव्हतं. त्या दिवशी फक्त मला दुसरा अर्थ हवा होता, तो मी घेतला आणि त्यावर जन्म काढला.

ताईने माझ्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणी बोलणी खाऊन आल्यावर ठेवायची तसाच. "तू बी ल्हानच व्हतीस. एवढे लोकं बसलेले. तुला बी आठवलं नसंल तवा, न्हाई का?"

तिने ते खरंच विचारलं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मला तिथे सांगता आलं असतं, आमच्यामध्ये पाव्हणे नव्हते, चौकट नव्हती. मी म्हटलं, "न्हाई ताई. मला बी न्हाई आठवलं."

"मला वाटलंच व्हतं," ताई म्हणाली, आणि किती बरं वाटलं तिला! "म्या तवाच मनाला म्हनलं, आठवलं असतं तं माही कासी सांगितल्याबिगर राह्यली नसती."